यंत्र कोणाचें, किल्ली कोणाची ?

मनुष्य एखादी वस्तु दाम मोजून घरीं आणतो तेव्हां त्यानें नेमकें काय विकत घेतलें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. विळा घेतला तर विळा घेतला; त्यानें गवत कापावें कीं ऊंस, त्याला धार घरीं लावावी कीं लोहाराकडे, हें ठरविण्याचा अधिकार विकणाऱ्यानें आपल्याकडे राखून ठेवला आहे, असें कोणीं कधीं ऐकलें नाहीं. परंतु ज्या यंत्राचें काम त्याच्या लोखंडापेक्षां त्याला दिलेल्या आज्ञांवर अवलंबून असतें, त्याच्या बाबतींत हा प्रश्न पोरकट राहत नाहीं. तेथें यंत्र एकाचें आणि आज्ञा दुसऱ्याच्या, असा प्रकार संभवतो. किंबहुना आज तोच रूढ झाला आहे. या प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत पाहण्याचें येथें योजिलें आहे, आणि त्यासाठीं सोलापूर शहराइतकें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल.

सोलापूर हें कापडाचें गांव. १८७७ सालीं निघालेल्या आणि पुढें ‘जुनी मिल’ या नांवानें ओळखल्या गेलेल्या गिरणीपासून या शहराचा अर्वाचीन इतिहास सुरू होतो, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ती गिरणी कालांतरानें बंद पडली; परंतु तेलंगणांतून येऊन शहराच्या पूर्व भागांत स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनीं हातमागावर व पुढें यंत्रमागावर तो धंदा चालूं ठेवला आणि सोलापुरी चादर महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोंचविली. त्या चादरीवरील फुलें, वेली आणि आकृति छापलेल्या नसतात, विणलेल्या असतात. आणि तें विणकाम ज्या साधनानें होतें त्याला जॅकार्ड असें म्हणतात. शहराच्या दुसऱ्या अंगास, विजापूर रस्त्याच्या बाजूला, गेल्या कांहीं दशकांत जुळे सोलापूर ही वस्ती वाढली. नोकरदार, शिक्षक व विद्यार्थी यांची ही वस्ती. मोबाइल आणि संगणक येथें नित्याच्या वस्तु झाल्या आहेत. पूर्व भागांतील मागावरचें पुठ्ठ्याचें कार्ड आणि जुळ्या सोलापुरांतील विद्यार्थ्याच्या हातांतला मोबाइल यांच्यांत कांहीं नातें असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः दोन्ही एकाच कुळांतलीं आहेत. भेद इतकाच कीं, पूर्वजाच्या आज्ञा त्याच्या धन्याच्या मुठींत होत्या, वंशजाच्या नाहींत.

जॅकार्डची रचना एकदां समजून घेतली पाहिजे. मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि धोटा त्यांच्यामधून आडवा धागा नेतो. धोटा जात असतां कोणते उभे धागे वर उचलले आणि कोणते खालीं राहिले, यावर नक्षी ठरते. जॅकार्डमध्यें हा निर्णय पुठ्ठ्याचें कार्ड करतें. प्रत्येक आडव्या धाग्यासाठीं एक कार्ड. कार्डाला जेथें भोंक असेल तेथें सुई आरपार जाते आणि तिच्या आकड्याशीं जोडलेला धागा वर उचलला जातो. जेथें भोंक नसेल तेथें सुई मागें ढकलली जाते आणि धागा खालींच राहतो. अशीं कार्डें एकमेकांस दोऱ्यानें बांधून त्यांची माळ मागावर फिरती ठेवली म्हणजे सबंध चित्र कापडांत उतरतें. चित्र आधीं चौकटींच्या कागदावर काढावयाचें आणि मग त्या चौकटींबरहुकूम भोंकें पाडावयाचीं. माळ बदलली कीं नक्षी बदलली, माग तोच. भोंक असणें किंवा नसणें या दोनच अक्षरांत लिहिलेली ती आज्ञावली होय. आणि ती लिहिण्यास पुठ्ठा, भोंकें पाडण्याचें हत्यार आणि कारागिराचें डोकें यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.

फ्रान्समधील लियाँ शहरच्या जोझेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला. वोकांसाँ याच्या जुन्या यंत्राचा त्याला आधार होता. रेशीम विणणाऱ्यांनीं आरंभीं या मागाला कडाडून विरोध केला, कारण कित्येकांची भाकरी तो हिरावून घेईल अशी त्यांना भीति होती. माग मोडल्याचे व जाळल्याचे प्रसंगहि घडले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. १८०६ सालीं हा माग फ्रान्समध्यें सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर करण्यांत आला, आणि जॅकार्डला निवृत्तिवेतन व प्रत्येक मागामागें ठराविक रक्कम देण्याची व्यवस्था झाली. संशोधकाला त्याचा मोबदला मिळाला, समाजाला यंत्र मिळालें, आणि कार्ड विणकराच्या हातीं राहिलें. १८१२ पर्यंत फ्रान्समध्यें असे ११,००० माग चालूं झाले होते. शोधाचें मोल द्यावयाचें तर वापरणाऱ्याचे हात बांधावेच लागतात असें जें आज सांगण्यांत येतें, त्याला या विषयाच्या पहिल्याच पानावर उत्तर लिहिलेलें आहे.

हें कार्ड मागावरून उतरून हिशेबाच्या यंत्रांत शिरलें ती कथा प्रसिद्ध आहे. इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें १८३७ च्या सुमारास जें विश्लेषक यंत्र कल्पिलें, त्याला आज्ञा देण्यासाठीं त्यानें जॅकार्डचींच कार्डें योजिलीं होतीं. तें यंत्र पुरें मात्र झालें नाहीं. पुढें अमेरिकेंत हर्मन हॉलेरिथ यानें भोंकें पाडलेल्या कार्डांवर माणसांची माहिती नोंदवून ती यंत्रानें मोजण्याची युक्ति काढली, आणि १८९० ची खानेसुमारी त्या यंत्रांवर मोजली गेली. येथेंच इतिहासाला वळण लागलें. हॉलेरिथनें यंत्रें विकलीं नाहींत, भाड्यानें दिलीं. १८९६ सालीं त्यानें कंपनी काढली, ती १९११ सालीं दुसऱ्या कंपन्यांत मिळाली, आणि त्या संयुक्त कंपनीनें १९२४ सालीं जें नांव घेतलें तें आय. बी. एम. मधल्या काळांत हॉलेरिथचा दर सरकारला इतका जड वाटूं लागला कीं, १९१० च्या खानेसुमारीसाठीं त्या खात्यानें स्वतःचींच यंत्रें बनवून घेतलीं. यंत्राचें भाडेकरूपण सरकारलाहि सुखाचें वाटलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आय. बी. एम. च्या भाडेपट्ट्यांत एक अट असे : या यंत्रांत आमचींच कार्डें वापरावीं, दुसऱ्याचीं वापरल्यास भाडेपट्टा संपुष्टांत येईल. यंत्र भाड्याचें, तें वर्षानुवर्षें चालणारें; कार्ड मात्र रोज लागणारें. ज्याच्या हातीं कार्ड त्याच्या हातीं गिऱ्हाइकाची रोजची पुरचुंडी. या अटीविरुद्ध अमेरिकन सरकारनें दावा लाविला आणि १९३६ सालीं त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. कंपनीचा बचाव मोठा मननीय होता. कार्डाची जाडी व आकार अगदीं काटेकोर असला पाहिजे. कागदांत कोळशाचा एखादा कण जरी राहिला तरी विजेचा प्रवाह भलतीकडे जाऊन आकडे चुकतील. चूक कार्डाची असली तरी बदनामी यंत्राची होईल. म्हणून गिऱ्हाइकाच्या हितासाठींच हें बंधन आहे! न्यायालयानें हें म्हणणें मानिलें नाहीं. इतरांनाहि तशीं निर्दोष कार्डें बनवितां येतात, आणि कसलीं कार्डें लागतात हें गिऱ्हाइकांस बजावण्यास कंपनीला कोणाची हरकत नाहीं, असें न्यायालयानें दाखवून दिलें. खुद्द सरकारला कंपनीनें आपलीं कार्डें आपण बनविण्याची मुभा दिली होती, परंतु त्याबद्दल भाडें शेंकडा १५ नें अधिक लाविलें होतें. ज्या कार्डांनीं यंत्राची नाचक्की होते, तीं पंधरा टक्के अधिक घेतल्यावर निरुपद्रवी कशीं होतात, हा प्रश्न वाचकाच्या मनांत सहज यावा. पुढें १९५६ च्या तडजोडीच्या हुकुमान्वयें या कंपनीला यंत्रें केवळ भाड्यानें न देतां विकण्याचेंहि बंधन पडलें.

आपल्या देशाला या कथेंतील भाडेकरूची भूमिका चांगलीच परिचित आहे. आय. बी. एम. १९५१ पासून भारतांत होती. तिचे १४०१ जातीचे संगणक येथील मोठ्या कचेऱ्यांत पुष्कळ वर्षें वापरांत होते. परदेशांत वापरून झालेलीं यंत्रें नीट करून तीं येथें भाड्यानें देण्याचा तिचा रिवाज टीकेचा विषय झाला होता. त्याच काळांत मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं भारतीयांनीं स्वतः रचलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं सुरू झाला. परंतु असे प्रयत्न थोडे. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानें परदेशी कंपन्यांस आपला हिस्सा शेंकडा ४० वर आणण्यास सांगितलें. आय. बी. एम. नें तें मान्य केलें नाहीं आणि १९७८ सालीं ती येथून निघून गेली. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाविषयीं मतभेद आहेत. परंतु तिच्यामागें राहिलेल्या शेंकडों यंत्रांची देखभाल ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीकडे आली, आणि दुसऱ्यांचीं यंत्रें उघडून दुरुस्त करतां करतां तिचे अभियंते इतके तयार झाले कीं, पुढच्याच दशकांत रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाची पद्धति त्यांनीं उभी केली. दुरुस्तीचा हक्क ही किरकोळ काटकसरीची बाब नसून ती विद्येची शाळा आहे, याचें हें घरचें उदाहरण.

यानंतरचीं पंधरा-वीस वर्षें वैयक्तिक संगणकाचीं, आणि त्यांत गिऱ्हाइकाला पूर्वीपेक्षां बरेंच स्वातंत्र्य होतें. यंत्र विकत मिळूं लागलें, त्याचे भाग कोणत्याहि दुकानांतून आणून बसवितां येऊं लागले, आणि त्यावर कोणाचीहि आज्ञावली चालूं लागली. महाराष्ट्रांतील शहरांतून तरुणांनीं संगणक जुळवून विकण्याचीं जीं असंख्य लहान दुकानें काढलीं, तीं याच मोकळिकीचीं अपत्यें. तथापि कुलुपाचा मोह याहि काळांत सुटला नव्हता, आणि त्याची झळ आपल्या भाषेला लागली. वाचकांपैकीं ज्यांचा छापखान्याशीं संबंध आला असेल त्यांना आठवेल कीं, मराठी अक्षरजुळणीच्या त्या काळच्या आज्ञावलीबरोबर एक बोटभर कुलूप मिळे. तें संगणकाच्या पाठीमागें लाविल्याशिवाय काम सुरू होत नसे. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक कंपनीचा अक्षरांना दिलेल्या क्रमांकांचा संकेत निराळा. एका टंकांत जुळविलेला लेख दुसऱ्या टंकांत उघडला कीं त्याचा अर्थहीन चिन्हांचा ढीग होई. लेख लेखकाचा, भाषा सर्वांची, परंतु वाचण्याची किल्ली एका कंपनीची, अशी ही अवस्था होती. १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें भारतीय लिप्यांसाठीं संकेत ठरविला, आणि त्याच वर्षीं युनिकोड या जागतिक संकेताच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीचा समावेश झाला. युनिकोड रोजच्या वापरांत रुळल्यावर आपलीं अक्षरें मोकळीं झालीं. परंतु जुन्या टंकांत अडकलेलीं कित्येक पुस्तकें अजून पुन्हां जुळवावीं लागतात. कुलूप गेल्यावरहि त्याचें देणें फेडावें लागतें, तें असें.

मोबाइलनें हें वळण पुरें केलें. २००७ सालीं ॲपलचा आयफोन निघाला आणि २००८ सालीं त्यासाठीं आज्ञावल्यांचें दुकान उघडलें. हा खिशांत मावणारा संगणकच होता. परंतु त्यावर कंपनीच्या दुकानांतून आलेल्या आज्ञावलीलाच प्रवेश, असा दंडक पडला. मागाची उपमा द्यावयाची तर माग विणकरानें विकत घेतला, परंतु कार्डाची माळ लियाँच्या वखारींतूनच आणावयाची, आणि वखारवाल्यानें प्रत्येक नक्षी तपासून पसंत केल्यावरच ती मागावर चढावयाची. गूगलचा अँड्रॉइड त्या मानानें मोकळा. त्याचा मूळ मजकूर प्रसिद्ध आहे आणि बाहेरची आज्ञावली घेण्याची वाट त्यानें ठेविली. परंतु मोबाइल बनविणाऱ्या कंपन्यांशीं गूगलनें केलेल्या करारांतून निराळेंच बंधन आलें. गूगलचें दुकान हवें असेल तर तिच्या इतर आज्ञावल्याहि मोबाइलमध्यें आधींच भरून द्याव्या लागत. १९३६ सालीं जें कार्डांच्या बाबतींत घडलें तेंच हें. फक्त कार्डाचा पुठ्ठा अदृश्य झाला होता. भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें या वर्तनाबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्यें अपील न्यायाधिकरणानें तो दंड कायम ठेवून आयोगाच्या कांहीं आज्ञा मात्र रद्द केल्या. युरोपीय संघानें २०२२ सालीं निराळा कायदाच केला, आणि २०२४ पासून ॲपलला त्या प्रदेशांत दुसऱ्यांच्या दुकानांस वाट द्यावी लागली.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे, कारण तें पोकळ नाहीं. मोबाइल ही आज केवळ करमणुकीची वस्तु राहिलेली नाहीं. मनुष्याची बँक, त्याचीं ओळखपत्रें आणि त्याचा खाजगी पत्रव्यवहार त्यांत असतो. फसव्या आज्ञावल्या पाठवून लोकांचे पैसे लुबाडणाऱ्या टोळ्या खऱ्या आहेत, आणि त्यांचे बळी बहुधा वृद्ध व अननुभवी लोक असतात. कंपनीच्या दुकानावर पहारा आहे म्हणून कित्येकांचे पैसे वांचतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु १९३६ च्या बचावाशीं हें म्हणणें ताडून पाहावें. तेथें कोळशाचा कण होता, येथें चोराची आज्ञावली आहे. धोका तेव्हांहि खरा होता. त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र खरा नव्हता. घराला कुलूप असावें कीं नसावें हा वादच नाहीं, कुलूप असावेंच. वाद आहे तो किल्ली कोणाजवळ असावी याचा. घर बांधणाऱ्या गवंड्यानें चोरांचें भय दाखवून किल्ली स्वतःच्या कमरेला लाविली, आणि घरांत कोणता पाहुणा यावा हें तो ठरवूं लागला, तर आपण त्याला पहारेकरी म्हणणार नाहीं.

किल्ली मालकाजवळ असल्यानें काय फरक पडतो, याचें ताजें उदाहरण घरच्या संगणकांचें आहे. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नित्याची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस सुरक्षेपुरती आणखी एका वर्षाची मुदत मिळाली. विंडोज ११ साठीं सुरक्षेची एक विशिष्ट चकती आणि बरेंच नवें यंत्र लागतें. यामुळें ज्यांत कांहींहि मोडलेलें नाहीं अशीं असंख्य यंत्रें एका तारखेला म्हातारीं ठरलीं. परंतु या यंत्रांपैकीं बहुतेकांच्या मालकांना एक वाट शिल्लक आहे. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यानें आरंभिलेल्या ग्नू प्रकल्पांतून आणि १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स यानें प्रसिद्ध केलेल्या लिनक्समधून जी मोकळी आज्ञावली तयार झाली, ती अशा यंत्रावर चढवून तें आणखी कांहीं वर्षें शाळेंत किंवा घरीं वापरतां येतें. जुना मोबाइल मात्र बहुधा असा वांचवितां येत नाहीं. त्याच्या आरंभीच्या आज्ञावलीलाच कुलूप असतें, आणि पुष्कळ कंपन्या तें उघडूं देत नाहींत. दोन्ही यंत्रें आंतून संगणकच; एकाचा धनी त्याला दुसरा जन्म देऊं शकतो, दुसऱ्याचा धनी त्याला भंगारवाल्याकडे नेतो.

हेंच दुरुस्तीचें. कांहीं मोबाइलांत पडदा किंवा विजेरी या भागांना कंपनी गुप्त क्रमांकानें यंत्राशीं जोडते. बाहेरच्या कारागिरानें उत्तम भाग बसविला तरी यंत्र त्याला अपरिचित ठरवितें. अमेरिकेंतील ऑरेगन राज्यानें २०२४ च्या कायद्यानें या प्रथेला आळा घातला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं संकेतस्थळ उघडलें. तेथें माहिती मिळते, परंतु माहिती म्हणजे हक्क नव्हे. आमच्या प्रताधिकार कायद्यांत २०१२ च्या दुरुस्तीनें तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. पण त्याच कायद्यानें अन्यथा ज्याला मनाई नाहीं अशा कामासाठीं कुलूप उघडण्यास सवड ठेविली आहे, आणि एका आज्ञावलीचें दुसरीशीं जुळवून घेण्यास आवश्यक ती माहिती मिळविण्याची परवानगीहि दिली आहे. या बाबतींत आमचा कायदा अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याहून उदार आहे. त्याचा उपयोग करून घेणारे मात्र थोडे आहेत.

आतां पुन्हां मागाकडे वळूं. कार्डाऐवजीं विजेवर चालणारें जॅकार्ड १९८३ सालीं बाजारांत आलें, आणि पुठ्ठ्याच्या माळेची जागा संगणकांतील चित्र घेऊं लागलें. यांत विणकराची मोठी सोय आहे. शेंकडों कार्डें पाडण्याचें काम वांचतें आणि नक्षी क्षणांत बदलते. परंतु तें चित्र मागाला समजेल अशा ठराविक स्वरूपांतच द्यावें लागतें, आणि तें स्वरूप यंत्रागणिक निरनिराळें असतें. म्हणजे मराठी टंकांनीं छापखान्यावर जी पाळी आणली ती मागावरहि येऊं शकते. सोलापूरच्या कारखानदारानें असा माग घेतांना किंमत व वेग यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारणें अगत्याचें आहे : माझी नक्षी या यंत्रांतून काढून दुसऱ्या यंत्रावर मला नेतां येईल काय ? बाप ज्या मालमत्तेचा निर्विवाद धनी होता तिचा मुलगा भाडेकरू होऊं नये, एवढाच या प्रश्नाचा मथितार्थ.

इतिहासाचा निष्कर्ष आमच्या मतें स्पष्ट आहे. आज्ञा पाळणाऱ्या यंत्राची मालकी ही नेहमींच जुळी असते. एक मालकी लोखंडाची, दुसरी आज्ञांची. या जुळ्यांची ताटातूट कोणत्याहि यंत्रशास्त्रीय नियमानें होत नाहीं. ती करारानें होते, आणि म्हणून कायद्यानें टाळतां येते. १८०६ सालीं ती फ्रान्सनें टाळली, १९३६ सालीं अमेरिकेच्या न्यायालयानें तिला मर्यादा घातली. दोन्ही वेळां ना शोध थांबले, ना संशोधक उपाशी मेले. आज मागावयाचें तें फार नाहीं. विकणाऱ्यानें कुलूप खुशाल लावावें, परंतु विक्रीपूर्वीं तें सांगावें. ज्या धन्याला स्वतःच्या जोखमीवर किल्ली हवी असेल त्याला ती द्यावी. दुसऱ्याचा निर्दोष भाग यंत्रानें नाकारूं नये. आणि ज्या दिवशीं कंपनी देखभाल थांबवील त्या दिवशीं तिनें किल्ली धन्याच्या स्वाधीन करावी. पूर्व भागांतील विणकराला पुठ्ठ्याच्या कार्डावर जो अधिकार होता, तोच जुळ्या सोलापुरांतील विद्यार्थ्यानें आपल्या मोबाइलवर मागितला तर त्यांत नवें कांहींच नाहीं. त्याच्याच गांवांत पिढ्यान्‌पिढ्या वापरांत असलेली ती वहिवाट आहे.